शिवणीची फळी

आमच्या गावच्या होडीचं दुखणं पहिल्यांदा माझ्या कानाला कळलं. त्यात माझी काही हुशारी नाही. तीस वर्षं कीर्तनात पखवाज वाजवणाऱ्या माणसाला तेवढं ऐकू येतंच. पखवाजाची शाई आतून सुटत आली, की वरून ती कितीही काळीभोर दिसो, बोटाखाली घुमत नाही, नुसती थप करते. होडीची मागची भिंत तशी थप करत होती.

आता आमच्या गावात होडी कुठून आली, ते आधी सांगायला हवं. मालेगावहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की दोन कोस आत आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं आमच्या नाल्यावर धरणाचं काम काढलं. खडी आम्ही फोडली, माती आमच्या बायकांनी डोक्यावरून वाहिली, आणि पाणी अडलं तेव्हा कळलं की गावाची निम्मी वावरं आणि मारुतीचं देऊळ पलीकडच्या काठावर राहिलं. मधली वाट पाण्याखाली गेली. वळसा घालून जायचं तर सात मैल. शेलूबाजारचे माझे व्याही अजून म्हणतात, “आपल्या हातानं आपली वाट बुडवनारं गाव एकच पाह्यलं बावा आमी.”

तक्रारी झाल्या, अर्ज झाले, तेव्हा खात्यानं एक जुनी होडी ट्रकवर घालून पाठवली. कुठल्या तरी पुराच्या कामात वापरून झालेली, फायबरची. फायबर म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड, रेझीन नावाच्या चिकट रसायनात भिजवून थरावर थर बसवलेलं. वाळलं की दगड. त्याला गंज नाही, वाळवी नाही. लोकांनी वाटेल तशी हाकली. पण त्या फायबरच्या पोटात लाकूड असतं हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. ते माहीत होतं एकट्या जगदेवला.

जगदेव भिवाजीचा मुलगा. बौद्धवाड्यातला. बारा वर्षं मुंबईला होड्या बांधायच्या एका कारखान्यात होता. भिवाजी वारला, आई पंचफुला मागं एकटी राहिली, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे गेले, म्हणून दोन वर्षांपूर्वी तो सगळं सोडून गावी आला होता. धरणाच्या मस्टरवर रोजंदारीनं जायचा. मस्टर कधी असायचं, कधी नसायचं.

माघात एक दिवस मी पलीकडून हरभरा घेऊन येत होतो. मोटर सुरू झाली की होडीची मागची बाजू हिव भरल्यासारखी थरथरायची. काठाला लागल्यावर मी सहज बोटं मारून पाहिली. उजवीकडं आवाज भरीव होता, मध्ये बसका. जगदेव काठावर दगड रचत होता. तो हातातला दगड ठेवून उठला.

“दादा, पुन्यांदा मारा.”

मी मारलं.

“आता खाली.”

मी खाली मारलं. तिथं तर ओल्या कणकेवर हात मारल्यासारखं झालं.

जगदेव म्हणाला, “मले वाटलंच होतं. मोटर जिच्यावर बसते थे मागची फळी सडली. वरून फायबर चांगलं दिसते, आत लाकडाचा चिखल झाला असन. एखांद्या इस्क्रूच्या भोकातून पानी गेलं, अन् मंग कोंडून राह्यलं. आत गेलेलं पानी बाहीर निंगत नाही, दादा.”

त्यानं खिशातून खडू काढला. मी वाजवत गेलो, आणि जिथं जिथं आवाज बसला तिथं तिथं तो खूण करत गेला. मागची फळी जवळजवळ सगळी, आणि तळाशी लांबीत बसवलेल्या दोन दांड्यांपैकी एक. होडीवर पांढऱ्या फुल्याच फुल्या झाल्या. काठावरच्या बाया हसायला लागल्या. “होडीले देवी आल्या काय वो?”

ओव्हरसियर साहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी फुल्या पाहिल्या, जगदेवचं ऐकून घेतलं. नवी होडी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, “तू दुरुस्त करशील?”

“करीन साहेब. सामान आनून द्या.”

“हे बघ जगदेव, खलाशाची एक कायम जागा मंजूर आहे. माणूस मी सुचवायचा आहे. होडी नीट करून, माझ्यासमोर पूर्ण वेगानं धरणाला एक चक्कर मारून दाखव. तुझं नाव पाठवतो.”

हे साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं. मी तिथं होतो. संध्याकाळी जगदेव मला म्हणाला, “दादा, ही जागा भेटली तं मी मायजवळ राह्यतो. नाही भेटली तं मले मुंबईले वापस जा लागते. तथी दहा बाय दहात सहा जन राह्यतो आमी. आंधळ्या मानसाले तथी ठेवता येत नाही.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “हे काम माह्या हातचं हाय. चुकाचं काही कारन नाही.”

फाल्गुनात त्यानं होडी काठावर पालथी-उताणी करून काम सुरू केलं. आतल्या बाजूचं फायबर करवतीनं कापून काढलं, तेव्हा आतून जे निघालं ते लाकूड म्हणायला जीभ रेटेना. ओल्या पेंडीसारखं काळं, हातानं पिळलं तर पाणी गळेल असं. त्यानं ते पटाशीनं खरडून खरडून काढलं. मग रिकामी होडी तीन आठवडे उन्हात नुसती पडू दिली. लोक यायचे, बघायचे, म्हणायचे, “याचं काम चालू हाय का बंद?”

“चालू हाय. ऊन करून राह्यलं,” जगदेव म्हणायचा.

लाकडाचा प्रश्न निघाला तेव्हा इंद्रभान पाटील स्वतः आले. पाटील आमच्या हनुमान जयंतीच्या सप्ताहाचे प्रमुख. त्यांच्याशिवाय गावात मांडव पडत नाही. त्यांनी आपल्या जुन्या दमणीची, बैलगाडीची, सागाची फळी देऊ केली. जगदेव म्हणाला, “पाटील, साग नको. साग अंगानंच तेलकट असते. तेलावर रेझीन धरत नाही.”

पाटलांना हे लागलं. साग नको म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. “मंग काय बाभळीची आनू तुह्यासाठी?” म्हणून ते गेले.

माझ्याकडं शिवणीचा एक ओंडका होता. शिवणीचं लाकूड हलकं, वाळलं की वाकत नाही, फुगत नाही. माझ्या वडिलांनी तो ओंडका माळ्यावर ठेवला होता, त्यातून पखवाजाची दोन खोडं निघतील म्हणून. मी तो जगदेवला दिला. घरी माझ्या बायकोनं, अंजनानं, माझ्याकडं नुसतं पाहिलं. “अन् तुमचा नवा पखवाज कायचा करसान? भोपळ्याचा?”

“देवाचीच सेवा हाय,” मी म्हणालो. “सप्त्यात पोथी होडीतूनच तर जानार हाय मारुतीपाशी.”

“मले काय विचारता? भोपळा वावरात हायेच.”

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. देताना बरं वाटतंच. जगदेवनं ओंडक्याला बोटानं वाजवून पाहिलं, माझ्यासारखंच, आणि हसला. “अठरा-वीस वर्सं वाळलेलं दिसते, दादा. याच्यात पान्याचा थेंब नाही. मुंबईले असं लाकूड भेटत नाही.” वाशीमच्या गिरणीत त्यानं त्याच्या फळ्या कापून आणल्या. तळाच्या दांड्यासाठी एक पट्टी वेगळी काढली, होडीच्या पाठीच्या मापाच्या तीन फळ्या एकाला एक जोडल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, आणि उन्हात उभ्या करून ठेवल्या. त्या दिवसांत मी रोज त्याच्यापाशी जाऊन बसायचो. त्याच्या हातचा चहा प्यायचो, आणि चार लोकांना दिसेल असा प्यायचो. एकदा तो म्हणाला, “बारा वर्सं रेझीन हुंगून माह्यं नाक मेलं, दादा. माय म्हनते भाजी करपली, मले पत्ताच नसते. वासाचं काम पडलं तं तुमाले बोलवत जाईन.”

“कानाचं काम माह्याकडं, नाकाचं माह्याकडं. मंग जागा कोनाले भेटते रे?” मी म्हणालो. तो खूप हसला.

सप्ताह रविवारी बसणार होता. आदल्या दिवशी, शनिवारी, जगदेव रेझीनचं सामान आणायला अकोल्याला गेला. जाताना मला सांगून गेला, “फळीवर लक्ष असू द्या, दादा. पानी नको, तेलकट हात नको. लेकरं येतीन, हात लावतीन. उद्या संध्याकाळपावतो येतो, अन् सोमवारी बसवतो.”

दुपारी मारुतीला तेल घालून मी वळशाच्या वाटेनं परत आलो. हातात तेलाची वाटी होती. देवाच्या अंगावरून ओघळलेलं थोडं तेल वाटीत घेऊन घरी आणायचं, आणि गुडघ्याला, बैलाच्या खांद्याला, नव्या औताला लावायचं, ही आमच्याकडची रीत. गावात नवी बंडी, म्हणजे बैलगाडी, आली तर तिचा आख मारुतीच्या तेलाशिवाय फिरत नाही. काठावर इंद्रभान पाटील उभे होते. फळीकडं पाहत.

“शेषराव, हे फळी त्यानं एकट्यानंच केली ना?”

“हो.”

“हिच्यावरून पोथी जाईन. बुवा जातीन. मानूस चांगला हाय, मी नाही म्हनत नाही. पन त्याहीनं देव सोडले. मूर्तीले हात जोडत नाहीत. आता फायबरच्या आत फळी गेली का गेली. मंग तिले काही करता येत नाही.”

मी म्हणालो, “जगदेवनं तेल लावू नको म्हनलं हाय.”

“बजारातलं तेल लावू नको म्हनलं असन. देवाचं तेल काय साधं तेल असते?”

मला ते पटलं. खरंच पटलं. मला वाटलं, जगदेवला माहीत नसेल, पण या फळीवर त्याची नोकरी उभी आहे, त्याची माय उभी आहे. नव्या बंडीला जे मिळतं ते या फळीला का मिळू नये? मी वाटीत बोटं बुडवली आणि मारुतीचं नाव घेऊन फळीवर तेल फिरवलं. पातळ, हातानं पुसत पुसत, देवाला लावतात तसं, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. शिवणीनं ते तहानलेल्यासारखं पिऊन टाकलं. माझ्या ओठांवर आशीर्वादच होता, शपथेवर सांगतो.

मग पाटलांनी धोतराच्या सोग्याआडून एक लहान तांब्या काढला. त्यात गोमूत्र होतं. “हेही शिपड. झालं मंग.”

मी ते शिंपडलं.

तेल मी जगदेवच्या भल्यासाठी लावलं, असं मी आजही म्हणू शकतो. गोमूत्राबद्दल तसं म्हणता येत नाही.

सोमवारी सकाळी जगदेवनं फळी उचलली तेव्हा तो जरा थांबला. “फळी काळवंडल्यासारखी वाटते, दादा.” मी खाली वाकून शिकंजे गोळा करू लागलो. त्यानंच ती उन्हात फिरवून पाहिली. “ऊन लागलं असन,” तो म्हणाला, आणि रेझीनमध्ये भुसा कालवायला बसला. तो लगदा त्यानं फळीला फासला, फळी होडीच्या पाठीला आतून दाबून बसवली, शिकंजे आवळले, आणि वरून काचेच्या कापडाचे चार थर रेझीननं भिजवून चढवले. एकही बुडबुडा राहू नये म्हणून ब्रशनं टोचत टोचत बसवले. घामानं त्याच्या पाठीवरचा सदरा चिकटला होता. पंचफुलाबाई काठीनं वाट चाचपत भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, “झालं का रे?”

“झालं, माय. चार दिवस वाळू दे. मंग घरीच.”

ती माझ्या बाजूला तोंड करून म्हणाली, “शेषराव हाय ना अथी? तुह्या लाकडावर माह्यं म्हातारपन बसवलं बावा यानं.”

सप्ताह सुरू झाला होता. पहाटे काकडा, दुपारी पारायण, संध्याकाळी कीर्तन. माझा जीव एरवी त्या सात दिवसांत दुसरीकडं कुठं नसतो. शुक्रवारी सकाळी जगदेवनं शिकंजे काढले आणि मला बोलावलं. “चाला दादा, पह्यला हात तुमचा.”

नवी पाठ गुळगुळीत, हिरवट, काचेसारखी चमकत होती. मी तळाच्या नव्या दांड्यावर बोटं मारली. त्या दांड्याला तेल लागलं नव्हतं. तो ठणठणीत वाजला, असा की मला पखवाजाच्या खोडाची आठवण झाली. मग मी पाठीकडं आलो. डावीकडं भरीव. वर भरीव. मधोमध, मोटर बसते त्या जागी, थप. पुन्हा मारलं. थप.

जगदेव माझ्या तोंडाकडं पाहत होता. त्याच्या मागं इंद्रभान पाटील उभे होते, सप्ताहाला आलेली पाच-पन्नास माणसं होती, आणि साहेबांची जीप बांधावरून उतरत होती. आवाज बसका आहे म्हटलं, की तो विचारणार, काहून? शिवण कोरडी होती, रेझीन नवं होतं, मग काहून? पुन्हा कापून काढायला आठ दिवस लागले असते. साहेब थांबले असते. तेवढंच झालं असतं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं.

“कसा हाय, दादा?”

“टनक हाय,” मी म्हणालो.

त्यानं स्वतः वाजवून पाहिलंच नाही. माझ्या कानावर त्याचा तेवढा भरवसा होता.

होडी पाण्यात ढकलली. मोटर बसवली. साहेब पुढं बसले, जगदेव मागं मोटरीचा दांडा धरून. लोकांनी मारुतीच्या नावाचा गजर केला. मीही केला. पहिला अर्धा फेरा सावकाश झाला. जगदेव हात उंच करून आम्हाला दाखवत होता. मग साहेबांनी खूण केली, आणि त्यानं मोटर पूर्ण सोडली. होडीचं तोंड वर उचललं, मागं पांढरं पाणी उसळलं. धरणाच्या मध्यावर असताना एक आवाज आला. मोठा नाही, वाळलेलं कातडं सोलताना येतो तसा. मोटर मागं कलली, एकदा वेडीवाकडी फिरली, आणि फायबरचा एक पापुद्रा घेऊन पाण्यात गेली. होडी तिथंच थांबली. पाठीला पडलेल्या फटीतून पाणी आत यायला लागलं. जगदेवनं डब्यानं पाणी उपसत, हातानं वल्हवत साहेबांना काठाला आणलं. साहेब छातीपर्यंत भिजले होते. कुणाला काही झालं नाही.

काठावर येताच जगदेव होडीच्या मागं गुडघ्यावर बसला. उघड्या पडलेल्या फळीवर त्यानं अंगठा फिरवला. मग दोन बोटं एकमेकांवर घासली. बराच वेळ घासत राहिला.

“साहेब, फळीले तेल लागलं हाय,” तो म्हणाला.

“कुणी लावलं?”

मग इंद्रभान पाटील म्हणाले, “होडीले तेल कोन लावते? थे काय बाळंतीन हाय?” माणसं हसली. भीतीतून सुटलेली माणसं लवकर हसतात. “काम जमलं नाही तं नाही म्हनावं. अंगनच वाकडं म्हनू नाही.”

जगदेव त्यांच्याकडं पाहत नव्हता. त्यानं फळीची एक ढलपी नखानं काढली आणि माझ्यापुढं धरली.

“दादा, मले वास येत नाही. तुमी हुंगून सांगा साहेबाले.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ढलपी नाकाशी नेली. तिळाचं तेल, थोडी वातीची काजळी, थोडा शेंदूर. देवळाचा वास. लहानपणापासून माझ्या अंगाला येणारा वास. तो मी कसा ओळखणार नाही?

“रेझीनचाच वास येते,” मी म्हणालो.

साहेबांनी सदऱ्याची ओली टोकं पिळली आणि ते जीपकडं चालू लागले. जाता जाता एवढंच म्हणाले, “मोटर सरकारी होती, जगदेव.”

जगदेवनं माझ्या हातातून ढलपी परत घेतली आणि खिशात ठेवली.

रविवारी काल्याचं कीर्तन होतं. ते पलीकडं मारुतीपुढं व्हायचं ठरलं होतं, पण आता होडी नव्हती. शाळेपुढच्या पटांगणात मांडव पडला. रिसोडकडचे बुवा आले होते, ज्यांचा आवाज ऐकून मी एरवी ताटावरून उठून जाणारा माणूस. सकाळी मी पखवाजाला कणीक लावत ओट्यावर बसलो होतो, तेव्हा जगदेव आला. खांद्यावर पत्र्याची पेटी, हातात कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी.

“निंगालो, दादा. अकराची येष्टी हाय.”

“माय?”

“रिठदले बहिनीच्या घरी पोचवली काल. बहिनीच्या सासूनं जागा देल्ली ढोराच्या कोठ्याबाजूनं. पाहू.”

त्यानं हातातलं गुंडाळं ओट्यावर ठेवलं. आत शिवणीचा उरलेला तुकडा होता, दीड हात लांब, चारी बाजूंनी घासून साफ केलेला.

“हे तुमचं उरलेलं. याच्यात चिपळ्याचे दोन-चार जोड तं निंगतीन. कोरडं ठेवलं हाय. तेल लागू देल्लं नाही.”

तो गेला. अंजना दारात उभी होती. तिनं तुकडा उचलून आत नेला. माझ्याकडं पाहिलं नाही, भोपळ्याचंही काही बोलली नाही.

कीर्तन रंगलं. बुवांना गावातली हकिकत कुणी सांगायची ती सांगितली होती, आणि कीर्तनकाराला गावातलाच दाखला मिळाला तर तो सोडत नाही. बुवा उत्तररंगात म्हणाले, “बाबांनो, परवा तुमच्या गावची होडी बुडाली. लाकूड चांगलं होतं, कारागीर मुंबईचा होता, सामान सरकारी होतं. मग बुडाली काहून? अरे, ज्या कामात देवाचं नाव नाही, ते काम पाण्यावर तरत नाही.” मांडवात माना डोलल्या. पुढं बसलेल्या इंद्रभान पाटलांनी डोळे मिटून हात जोडले. बुवांचा यात काही दोष नाही. त्यांना जेवढं सांगितलं तेवढंच ते बोलले, आणि मनापासून बोलले. मी पखवाजामागं बसलो होतो. त्या फळीइतकं देवाचं नाव जिला लागलं अशी दुसरी वस्तू गावात नव्हती, हे मांडवात फक्त मला आणि पाटलांना माहीत होतं.

कर्ण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. मांडवाच्या कनातीतून रस्ता दिसायचा. जगदेव तिथूनच गेला. पेटी खांद्यावर, चाल नेहमीची. बुवांचं ते वाक्य चालू असताना तो कनातीच्या फटीत होता, आणि ते संपलं तेव्हा पुढं निघून गेला होता. तो थांबला नाही.

मग बुवांनी टाळी दिली, अभंग द्रुत लयीत उचलला, आणि टाळकऱ्यांनी पावली सुरू केली. मला वाटलं, हात अडखळेल. निदान एकदा अडखळावा असं वाटलं. पण हाताला काय ठाऊक? ठेका असा पडत गेला, की टाळकरी माझ्याकडं वळून वळून पाहायला लागले. एकही मात्रा इकडची तिकडं झाली नाही. दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या, आणि बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, “मृदंगाचार्य, आज तुमच्या हातात साक्षात मारुती होता.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हार घालूनच मी घरी आलो.